उकिरड्याचे दैव

उकिरड्याचेही दैव बारा वर्षांनी पालटते, अशी आपली म्हण आहे. खरे पाहता त्याला तीन महिने पुरतात, आणि हे जगाला शास्त्रीय रीतीने दाखवून देण्याचा मान आपल्या इंदुराचा आहे. येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती व राख यांचे थर रचून खत सिद्ध केले. १९३१ साली दोघांचा ग्रंथ निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ देशोदेशी पोहोचली.

टाकाऊ वस्तूचे खत जागच्या जागी करावे, हे तिचे मर्म. कुलदैवताच्या निमित्ताने गोव्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांना ते पेडणे-डिचोलीच्या संदर्भात सांगावेसे वाटते. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर पर्यटकांची वर्दळ वाढली. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला. वस्तीबरोबर कचराही वाढणारच. बारदेशात साळगावला २०१६ साली मोठा प्रकल्प उभा राहिला. बाजार व हॉटेले यांना असे प्रकल्प हवेतच; परंतु ज्या घरामागे परसू आहे, त्या घरच्या भाजीच्या देठांनी गाडीतून प्रवास का करावा?

पूर्वी साली गुरांपुढे जात, मासळीचे पाणी माडाच्या मुळाशी आणि चुलीची राख उकिरड्यावर. आज पुष्कळ गोठे रिकामे झाले आणि उकिरड्यात प्लास्टिक शिरले. घाण झाली ती खरकट्यामुळे नव्हे, सरमिसळीमुळे. ती सरमिसळ शेवटी कोणीतरी माणूसच हातांनी निवडतो, याची लाज आपणांस वाटली पाहिजे.

उपाय अवघड नाही. एक भाग ओल्या खरकट्यास दोन-तीन भाग सुका पाचोळा घ्यावा. काजू-फणसाची जी पाने आपण फाल्गुनात जाळून टाकतो, तीच येथे कामास येतात. मासळीचे काटे ढिगाच्या पोटात खोल पुरावेत, म्हणजे कुत्री उकरीत नाहीत. मूठभर खत पिळल्यास एखादाच थेंब सुटावा, इतकी ओल पुरे. आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करावा. वारा मिळाला की दुर्गंधी येत नाही. गोव्याच्या पावसात मात्र वर छप्पर हवेच, नाहीतर खताचा कस पाण्याबरोबर वाहून जातो.

ज्यांना अंगण नाही, त्यांच्यासाठी वाड्यावाड्यावर एक छपराचा खड्डा पंचायतीने करून द्यावा. चवथीची माटोळी उतरल्यावर तिच्यातील जे खाण्याजोगे नसेल ते, आणि देवळांतील निर्माल्य, तेथे जावे. देवाला वाहिलेले मातीला मिळावे, यात अधर्म कसला?

पण खड्डा खणून भागत नाही. त्याची निगा राखणारा माणूस लागतो आणि त्याला वेतन लागते. ते देण्यास पंचायतीने मागेपुढे पाहू नये, आणि ओले-सुके वेगळे करण्यास गृहस्थाने आळस करू नये, एवढीच आमची दोघांकडे मागणी आहे.