देवळे लुटणारा कोण?

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एका यहुदी उपदेशकाची कल्पना करून त्यास विचारतो की, मूर्तींचा तिटकारा बाळगणारा तू स्वतः देवळे लुटतोस काय? या बाविसाव्या वचनाची वाट दोन पक्षांनी लावली आहे. एक म्हणतो, लूट येथे आलंकारिक; पावित्र्याचा भंग एवढाच अर्थ घ्यावा. 1611 सालच्या इंग्रजी भाषांतराने हाच मार्ग धरला. दुसरा पक्ष या वचनास सबंध यहुदी लोकांविरुद्धचा पुरावा समजतो. आमच्या मते दोन्ही पक्ष त्याज्य होत.

मूळ ग्रीक क्रियापद ‘हिएरोसुलेइन’ म्हणजे देवस्थानातील द्रव्याचे हरण करणे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसचा नगरलेखक, पौलाचे सोबती देवळे लुटणारे नव्हेत, अशी ग्वाही देतो. तेथे याच घडणीचा शब्द आहे, आणि 1611 च्या त्याच पंडितांनी तेथे लुटारू हाच अर्थ केला आहे. मग येथेच संकोच का? 1881 च्या सुधारित भाषांतराने तो सोडला, हे योग्यच झाले.

वचनाची खरी किल्ली ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी आहे. मूर्ती जाळाव्या, परंतु तिच्यावरील सोन्यारुप्याचा लोभ धरू नये. ते घरात आणणारा तिच्याइतकाच शापित होय, असा तेथील निर्बंध आहे. त्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिटकाऱ्यासाठी जो धातू योजिला आहे, तोच पौलाने उचलला आहे. सारांश, मूर्तीचा विटाळ मानणाऱ्यास तिच्या सोन्याचा विटाळ का नसावा, हा त्याचा प्रश्न आहे.

यात जातिनिंदा कोठे आहे? पौल स्वतः यहुदी. तो लावतो ती कसोटी यहुदी शास्त्राचीच. आणि प्रश्न एकवचनी आहे. त्याच शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफसही, परक्यांची देवळे लुटणे मोशेच्या नियमशास्त्रास निषिद्ध आहे, असे स्पष्ट लिहितो. एका ढोंग्यास विचारलेला प्रश्न सबंध लोकांच्या माथी मारणे हा अर्थबोध नव्हे, द्वेष होय. दुसऱ्यास दोष लावून तेच करणारा स्वतःसच दोषी ठरवितो, असे हाच अध्याय आरंभी बजावतो. या वचनाचे शस्त्र करणाऱ्यांनी तो आरंभापासून वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.