कुठल्या भंडाऱ्याचे तुम्ही?

मुक्काम भंडारा, तालुका भंडारा, जिल्हा भंडारा. हा पत्ता वाचून पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत बापडे. पहिला भंडारा गावाचा, दुसरा तालुक्याचा, तिसरा जिल्ह्याचा. तुमसरचा माणूस जिल्ह्याच्या भंडाऱ्याचा असतो, तालुक्याच्या नव्हे! नाव एक, प्रकार तीन. पास्कल ही संगणकाची भाषा नेमकी ह्याच गोष्टीवरून भांडते, आणि मी तिच्या बाजूचा आहे.

स्वित्झर्लंडच्या निकलाउस विर्थ यांनी १९७० साली ही भाषा आणली तीच छडीवाल्या मास्तराच्या अवतारात. आकड्याच्या जागी अक्षर आले की बस्स, हात पुढे! तिच्या डेल्फी या अवतारात २००९ च्या आवृत्तीपासून 'जेनेरिक क्लास' आले. जेनेरिक क्लास म्हणजे साचा, आणि पितळी भांड्यांच्या गावाला साचा काय शिकवायचा? एकाच साच्यातून आकड्यांची कडी काढा, नाहीतर नावांची. साखळी करायची तर प्रत्येक कडीत 'पुढची कडी कोणती' हे नोंदवावे लागते. आमचा भाचा तिथे नुसतेच 'कडी' लिहितो. कम्पायलर अडून बसतो. बरोबरच आहे, साच्यात कोणी पाणी भरून आणते का? उपाय अर्ध्या मिनिटाचा. कडीच्या नावापुढे टोकदार कंसात 'टी' लिहायचा, की आकड्यांच्या कडीमागून आकड्यांचीच कडी येते.

पण नाही! ह्या मंडळींचा पंथच निराळा. तिथे बिनप्रकाराचा पॉइंटर ठेवायचा आणि 'टाइपकास्ट' करून कम्पायलरच्या तोंडावर हात दाबायचा. वर मलाच विचारणार, "मामाजी, चालून राहिलं ना, मंग काहून डोकं खाता?"

चालून राहिलं, बाबा, तुझ्या टेबलावर! उद्या धानखरेदीच्या यादीत ह्याच साखळीतून रकमेच्या जागी भलतेच काही वाचले गेले, तर साकोलीचा शेतकरी चुकाऱ्यासाठी रांगेत उभा राहील. तेव्हा तू कुठे असशील? पुण्यात!

आता कम्पायलरची भाषा गोड नाही, हे खरे. त्याचा निरोप तहसिलीच्या नोटिशीसारखा असतो. तीनदा वाचला तरी आपला गुन्हा कळत नाही. पण नोटीस निदान जप्तीच्या आधी येते. पॉइंटरवाल्यांकडे थेट जप्तीच.

आणि 'टी' लिहा म्हणावे, तर हे चहा प्यायला उठतात.