मातीचं पासबुक

पहिली सर आली की आमच्या घरात चहाचे कप हातात घेऊन सगळे गॅलरीत येतात. मातीचा तो वास कोणाला नको असतो? मलाही हवाच असतो. पण त्याच्याबरोबर एक जुनी आठवण येते, आणि चहा थोडा कडवट लागतो.

१९८० नंतरच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत शेतीकर्जं पाहत असे. पीककर्जात रोख रकमेबरोबर खतं आणि बीएचसी पावडरही दिली जाई. मंजुरीवर सही माझी. एका जूनमध्ये शेतपाहणीला गेलो असताना सर कोसळली आणि मातीच्या वासात मिसळून त्या पावडरीचा कुबट दर्प उठला. धुरळणी तर गेल्या हंगामातली! शेतकरी म्हणाला, "साहेब, तुमची पावडर उन्हाळाभर दडून बसती. भुई भिजली की उठती." मी हसलो.

हसायला नको होतं. ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं, तेव्हा हेच सांगितलं होतं. कोरडी भुई हवेतली सेंद्रिय द्रव्यांची वाफ धरून ठेवते आणि दमटपणा वाढला की सोडते. चिकणमातीच्या कणांवरच्या जागेवर पाण्याचा हक्क मोठा. ते आलं की आधी बसलेल्याला उठावं लागतं. कीटकनाशकाची वाफही याच वाटेनं बाहेर पडते.

मातीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्याची, म्हणजे ह्यूमसची, रीत मात्र निराळी. तेलात अत्तर मुरावं तशी ही वाफ त्यात मुरते आणि ओल आली तरी बरीचशी तिथंच राहते. शेणखत न मिळालेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीला एवढा धीर कुठून असणार?

बीएचसीवर आपल्याकडे १९९७ साली बंदी आली. तोवर मी किती पोत्यांवर सह्या केल्या, याचा हिशेब माझ्याजवळ नाही. शेणखताच्या गाडीसाठी मात्र आमच्या छापील अर्जात रकानाच नव्हता, आणि तो असावा असं मीही कधी वर लिहून कळवलं नाही.

बँकेत बुडीत खातं निर्लेखित करता येतं. मातीला ती सोय नाही. आपण जे भरलं, तेच ती पहिल्या सरीला परत करते, आणि आपण गॅलरीत उभे राहून ते छातीभर घेतो.