नाव तेच, हद्द वेगळी

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात पेठापेठांतून, तालमींच्या कट्ट्यांवर एकच हिशेब सुरू होतो. कोणता गट कुणाबरोबर, कोणता साखर कारखाना कुणाच्या मागे, कुठल्या तालुक्यात कुणाला किती आघाडी! या हिशेबात आपला माणूस मोठा तरबेज. पण ज्या पटावर हा डाव मांडला जातो, तो पट कुणी आखला, केव्हा आणि कोणत्या न्यायाने, असे विचारणारा क्वचितच भेटतो. माझ्या मते अर्धी निवडणूक त्या रेघांतच दडलेली असते.

पन्हाळ्याचेच पाहा. कोल्हापूरकराला पन्हाळा आणि जोतिबा घरच्यासारखे. रविवारी दुचाकी काढली की अर्ध्या-पाऊण तासात माणूस गडावर. पण हा भाग येतो शाहूवाडी विधानसभा मतदारसंघात आणि शाहूवाडी लोकसभेसाठी हातकणंगल्यात मोडते. उलट चंदगड शंभर किलोमीटरांहून लांब. तिथल्या माणसाला बाजारहाटाला बेळगाव जवळचे. पण तो मत देतो कोल्हापूरच्या खासदारासाठी. नकाशावर ‘कोल्हापूर’ हे नाव कायम आहे. त्या नावाखालची जमीन मात्र सरकत आली आहे.

ही सरकासरक पहिल्या निवडणुकीपासूनची. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी १९५२ च्या निवडणुकीत मतदारसंघाचे नाव होते ‘कोल्हापूर-सातारा’ आणि त्यातून दोन खासदार निवडून गेले. एक काँग्रेसचे के. एल. मोरे, दुसरे अपक्ष बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. देशभर काँग्रेसची लाट असताना कोल्हापूरने पहिल्याच खेपेला एक अपक्ष दिल्लीला धाडला. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे.

१९५७ साली ‘कोल्हापूर’ हा स्वतंत्र मतदारसंघ झाला, पण तोही दुहेरीच. प्रत्येक मतदाराला दोन मते. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या भारलेल्या दिवसांत शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे एस. के. दिगे असे दोघे निवडून आले. दुहेरी मतदारसंघांची पद्धत १९६१ च्या कायद्याने संपली. पुढच्या वर्षी कोल्हापूर एका खासदाराचे झाले आणि शेजारी ‘हातकणंगले’ हा नवा मतदारसंघ उभा राहिला. १९७७ साली हातकणंगल्याचे नाव गेले, ‘इचलकरंजी’ आले. २००९ मध्ये इचलकरंजी गेली आणि हातकणंगले परतले.

रेघा बदलल्या तरी इथल्या मतदाराचा स्वभाव फारसा बदलला नाही. १९७७ मध्ये शेकापचे दाजीबा देसाई निसटत्या मतांनी जिंकले. मग १९८० ते १९९६ या काळात सलग पाच वेळा काँग्रेसचे उदयसिंगराव गायकवाड. त्यानंतर सदाशिवराव मंडलिक. १९९८ ला काँग्रेसकडून, १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादीकडून. २००९ ला पक्षाने उमेदवारी नाकारली तर अपक्ष उभे राहून, संभाजीराजे छत्रपतींचा ४४,८०० मतांनी पराभव करून ते पुन्हा निवडून आले. २०१४ ला मोदी लाटेतही राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक ३३,२५९ मतांनी जिंकले. पाच वर्षांनी शिवसेनेच्या संजय मंडलिकांनी त्यांना २,७०,५६८ मतांनी हरवले. २०२४ ला त्याच मंडलिकांना १,५४,९६४ मतांनी मागे टाकून शाहू छत्रपती खासदार झाले आणि काँग्रेसला ही जागा २६ वर्षांनी मिळाली. ज्या राजघराण्यातल्या उमेदवाराला २००९ ला नाकारले, त्याच घराण्याला २०२४ ला डोक्यावर घेतले. इथला मतदार कुणाला गृहीत धरू देत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे.

पण जो मतदार उमेदवाराला गृहीत धरू देत नाही, त्याला नकाशा आखणाऱ्यांनी मात्र खुशाल गृहीत धरले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. ती कोंडी राज्याच्या अंतर्गत फुटली न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाच्या पुनर्रचनेने. २००१ ची जनगणना धरून केलेली ही पुनर्रचना २००८ साली अमलात आली. हिशेब साधा होता. महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख, आमदार २८८. म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार माणसे. कोल्हापूर जिल्हा सुमारे ३५ लाखांचा. भागाकार केला की दहा आणि थोडे उरते. जिल्ह्यात तोवर बारा आमदार होते, ते दहा झाले. त्याच वेळी ठाणे जिल्ह्याचे तेरा होते, ते चोवीस झाले.

या भागाकारात सांगरूळ, पन्हाळा, वडगाव आणि गडहिंग्लज ही नावे पुसली गेली. गडहिंग्लजचे आमदार बाबासाहेब कुपेकर तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचाही मतदारसंघ वाचला नाही आणि २००९ ला त्यांना चंदगडमधून उभे राहावे लागले. गडहिंग्लज तालुका कागल आणि चंदगड यांत वाटला गेला. आजऱ्याचे उत्तूर कागलकडे गेले. एका तालुक्याच्या माणसाने गाऱ्हाणे घेऊन कोणत्या आमदाराकडे जावे, हे आता गाव बघून ठरते.

दहा जागांचा दुसरा परिणाम लोकसभेवर झाला. एका खासदारामागे सहा आमदार. कोल्हापूरच्या वाट्याला चंदगड, राधानगरी, कागल, करवीर, कोल्हापूर दक्षिण आणि कोल्हापूर उत्तर आले. उरले चार, म्हणून हातकणंगल्याला सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळा जोडले. तिथल्या मतदाराचा जिल्हाधिकारी सांगलीत आणि खासदार बहुधा कोल्हापूर जिल्ह्यातला.

यावर कुणी म्हणेल, वारणा नदीने जिल्हे वेगळे केले म्हणून ऊस वेगळा होत नाही. हे खरे आहे. शिरोळचा आणि वाळव्याचा शेतकरी एकाच दराच्या भांडणात असतो. ऊस आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी याच मतदारसंघातून २००९ आणि २०१४ ला निवडून आले. तेव्हा जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणजे अन्यायच झाला, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, जोडणी माणसांच्या व्यवहाराने व्हावी, उरलेल्या बाकीने नव्हे.

शहराचे दुखणे आणखी निराळे. आपण खासदाराला ‘कोल्हापूरचा’ म्हणतो, पण त्याच्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी संपूर्ण शहरी एकच, कोल्हापूर उत्तर. दक्षिणेत शहराचा उरलेला भाग आणि उचगाव, पाचगाव, गांधीनगरसारखी गावे एकत्र आहेत. गावे नावालाच, वस्ती, नोकरी, शाळा, दवाखाना सगळे शहराशी बांधलेले. महापालिका १९७२ साली झाली, पण पुढे कित्येक दशके तिची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली. २०११ ला शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार आणि जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार मोजली गेली. म्हणजे कागदावर सातातला एक माणूस शहरी. प्रत्यक्षातले शहर त्याहून किती मोठे, हे सकाळी शहरात येणाऱ्या रस्त्यांवर उभे राहिले तरी कळते. हद्दवाढीवर शहर आणि गावे भांडत राहिली. मतदानाच्या रेघेने त्यांना केव्हाच एकत्र बसवले आहे, याची मात्र दोघांनाही फारशी दखल नाही.

हे सारे आज का सांगायचे? कारण २००२ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी पुन्हा गोठवताना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची मर्यादा घातली होती. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांचे आरक्षणही पुनर्रचनेशी जोडले. इचलकरंजीने १९९९ आणि २००४ ला निवेदिता माने यांना लोकसभेत पाठवले. कोल्हापूरने २०२४ पर्यंत एकाही स्त्रीला पाठवलेले नाही. तेव्हा पुढचा नकाशा आपल्या घरातल्या लेकीसुनांशीही संबंधित आहे. शिवाय २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, कोल्हापूरची १० टक्क्यांनी. २०११ चे आकडे धरून मघाचाच भागाकार केला तर उत्तर दहाच्या किंचित खाली येते. कुटुंब आटोपशीर ठेवणाऱ्या जिल्ह्याचा आवाज त्यामुळेच बारीक व्हावा, हे मला तरी पटत नाही. दक्षिणेची राज्ये दिल्लीला हेच सांगत आली आहेत.

संख्येपुढे आपले चालणार नाही, हे मान्य. एका मताचे मोल सगळीकडे सारखे असावे, हे तत्त्वही योग्यच. पण रेघ कुठून जावी, यात बोलायला जागा आहे. भूरचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी असे पुनर्रचनेचा कायदाच सांगतो. आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. तेवढीच संधी. अंतिम आदेश निघाल्यावर न्यायालयाची वाट घटनेच्या ३२९ व्या कलमाने जवळजवळ बंद केली आहे.

तेव्हा पुढचा आराखडा येईल तो दिवस केवळ पुढाऱ्यांचा मानू नये. आपापल्या जागेची काळजी घ्यायला ते समर्थ आहेत. गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याने, आजऱ्याच्या शिक्षकाने, उचगावच्या गृहिणीने, पेठेतल्या तालमीने आपापली हरकत लिहून द्यावी: आमचा बाजार इथे, आमची एसटी इथून सुटते, आमचा तालुका तोडू नका. अर्ज एका कागदाचा असतो. त्यावर ओढली जाणारी रेघ तीस-तीस वर्षे टिकते.