नकाशाचाही फेरफार ठेवा

नव्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत घोटाळा व्हायची भीती आहे. २०११ साली ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ कोटी १० लाख माणसे. १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई, डहाणू, जव्हार, मोखाड्यासह आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला आणि जुन्या आकड्यातली सुमारे ३० लाख माणसे घर न सोडता जिल्ह्याबाहेर गेली. आजच्या हद्दीतले आकडे २०११च्या आकड्यांशी सरळ ताडून पाहिले, तर ठाण्याची वाढ खुंटल्यासारखी दिसेल. मग शाळा, दवाखाने, पाणी यांचे हिशेबही चुकतील.

असे घोटाळे होतात, कारण संगणकीय नकाशात हद्द बदलली की सहसा जुन्या रेषेच्या जागी नवी रेषा येते आणि जुनी नाहीशी होते. फार तर काही वर्षांनी एकेक प्रत राखून ठेवतात. पण दोन प्रतींच्या मधल्या काळात काय, केव्हा, कशामुळे बदलले, ते कळत नाही. भौगोलिक माहिती प्रणालीत काळ कसा साठवावा, यावर गेल लँग्रन यांचे पुस्तक १९९२ सालीच आले. उपाय माहीत आहे, तो अमलात आणायचा राहिला आहे.

तलाठ्याच्या दप्तरात तर तो रुळलेला आहे. सातबाऱ्यावरचे नाव कमी करताना ते पुसून टाकत नाहीत. कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. त्या क्रमांकावरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, काढली की खरेदी, वारस की वाटणी, हे कारण तारखेसह मिळते. वडील वारले कधी आणि वारसनोंद झाली कधी, हेही वेगवेगळे कळते.

नकाशातल्या प्रत्येक हद्दीला हेच रकाने हवेत: केव्हापासून, केव्हापर्यंत, कोणत्या आदेशाने, कोणत्या जुन्या हद्दीतून आणि नोंद केव्हा झाली. नदीची पूररेषा बदलताना जुनी पुसून टाकली, तर बांधकाम परवानगीच्या दिवशी घर रेषेच्या आत होते की बाहेर, हे कोर्टात कशाच्या आधारे सांगणार? या रकान्यांवाचून कोणताही सरकारी नकाशा प्रसिद्ध होऊ नये आणि जुन्या हद्दी नागरिकांना खुल्या असाव्यात. राज्य सरकारने तसा आदेश काढावा.