अध्यापनाची पदवी आणि कर्जाचा हिशेब

म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम वसाहतीस लागूनच मानसगंगोत्रीचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. आज ते प्रादेशिक शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील या चार महाविद्यालयांमागे एक साधी कल्पना होती. विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे शास्त्र एकामागून एक न शिकविता चार वर्षांत एकत्रच शिकवावे, ही ती कल्पना. बेळगावचा मराठी विद्यार्थी म्हैसूरच्या कक्षेत येतो आणि कोल्हापूरचा भोपाळच्या. घर सोडून वसतिगृहात राहणे दोघांनाही चुकत नाही.

या कल्पनेचे शैक्षणिक गुणदोष पुष्कळ चर्चिले गेले आहेत. तिची आर्थिक बाजू मात्र उपेक्षित राहिली. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर ही दोन, अशी एकूण पाच वर्षे होतात. एकात्मिक अभ्यासक्रमात एक वर्ष वाचते. म्हणजे त्या वर्षाचा खर्चही वाचतो आणि एक वर्षाची मिळकतही आधी हाती येते. परंतु अशा जागा थोड्या. बहुसंख्य विद्यार्थी खाजगी महाविद्यालयांकडे वळतात आणि त्यांतील कित्येक बँकेकडे.

उदाहरणादाखल, दोन वर्षांत प्रतिवर्षी एक लाख याप्रमाणे दोन लाखांचे कर्ज दहा टक्के दराने घेतले असे समजू. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. तोवर सरळव्याजाने पन्नास हजारांची भर पडते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना या काळातील व्याजात केंद्र शासनाची सवलत अटींसह मिळते, पण ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. अडीच लाखांची पाच वर्षांत फेड करावयाची तर मासिक हप्ता सुमारे ५,३०० रुपये होतो. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून १८,००० रुपये आहे; हप्ता त्याचा तिसरा हिस्सा खातो. त्यापूर्वी अनेक वर्षे हेच मानधन ८,००० होते! शिक्षणसेवकपदाची तीन वर्षे संपून ३८,६०० रुपये मूळ वेतनाची श्रेणी मिळाली, की हेच ओझे सहज पेलवते.

कर्ज काढावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच अंतिम वेतनाकडे पाहून सुटत नाही. पदवी आणि पहिले पूर्ण वेतन यांच्यामध्ये किती वर्षे जातात, यावर सारे अवलंबून आहे. आणि ती वर्षे विद्यार्थ्याच्या स्वाधीन नसतात. महाराष्ट्रात २०१२ पासून पुढे कित्येक वर्षे शिक्षकभरती जवळजवळ ठप्प होती. त्या काळात पदवी घेतलेल्यांना बँकेचे एक वर्ष कोठे पुरणार? विनाअनुदानित शाळेतील तुटपुंज्या पगारावर किंवा शिकवण्यांवर त्यांनी दिवस काढले. प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालेल असे २०१८ मध्ये अधिसूचनेने सांगितले गेले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे आहे, ही न्यायालयाची भूमिका शैक्षणिकदृष्ट्या रास्तच म्हणावी लागेल. तथापि त्या अधिसूचनेवर विसंबून ज्यांनी कर्ज काढले, त्यांचा हप्ता या निर्णयाने एका पैशानेही कमी झाला नाही.

शिक्षकाने पैशाचा विचार करू नये, असे मानणारा एक वर्ग मराठी समाजात आजही आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचा दाखला त्यासाठी नेहमी दिला जातो. गोखल्यांनी वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा केली, हे खरेच. पण त्याच गोखल्यांच्या शिक्षणासाठी थोरल्या बंधूंनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली होती, याचा उल्लेख क्वचित होतो. त्यागाचा खर्च तेव्हाही कोणीतरी सोसत होते. शिवाय त्या त्यागाची मुदत आणि वेतन दोन्ही आधी ठरलेली होती. आजच्या उमेदवाराला यांपैकी एकही ठाऊक नसते.

ऑस्ट्रेलियात १९८९ पासून उच्च शिक्षणाचे ऋण मिळकतीशी बांधलेले आहे. उत्पन्न ठराविक मर्यादेपुढे गेल्यावाचून वसुली सुरू होत नाही. अशा योजनेत काही रक्कम बुडणार, हा आक्षेप खोटा नाही. मात्र भरती कधी काढावयाची आणि पात्रता कोणती मानावयाची, हे दोन्ही शासनच ठरविते. मग त्या विलंबाचे व्याज उमेदवाराच्या खात्यावर का चढावे? निदान अध्यापनाच्या पदवीपुरती परतफेड पदवीच्या तारखेपासून न मोजता पहिल्या नियमित नेमणुकीपासून मोजावी, आणि मधल्या काळाचे व्याज नेमणुका रोखून धरणाऱ्या शासनाने भरावे. भरती लांबविण्याची किंमत तेव्हा शासनाच्या अंदाजपत्रकातही दिसू लागेल.