संगणक ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतो तेव्हा

आमच्या शेजारची मुलगी परवा रडवेली होऊन आली. “काका, सगळं पुसून नव्यानं टाकू का?” परीक्षेच्या प्रकल्पासाठी तिने जुन्या मॅकवर मायएसक्यूएल बसवले होते. वर्कबेंचच्या खिडकीत तीनशे नोंदी व्यवस्थित दिसत होत्या. मात्र टर्मिनलमध्ये ‘मायएसक्यूएल’ असे लिहिले की उत्तर यायचे, ‘कमांड नॉट फाउंड’. कुणीतरी तिला सल्ला दिला होता की तो फोल्डरच उडव. त्याच फोल्डरात तिच्या नोंदी होत्या! आम्ही तिचा हात धरला.

वाचकहो, या उत्तराचा अर्थ मायएसक्यूएल नाही असा नव्हे. टर्मिनल आज्ञेचा शोध सगळ्या संगणकात घेत नाही, ठरावीक फोल्डरांतच घेतो. त्या फोल्डरांच्या यादीला ‘पाथ’ म्हणतात. मॅकवरचे मायएसक्यूएल त्याच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने बसवले, तर ते ‘/यूएसआर/लोकल/मायएसक्यूएल/बिन’ येथे जाते, आणि हे ठिकाण यादीत आपोआप चढत नाही.

म्हणून आम्ही आधी पूर्ण पत्ता देऊन आज्ञा लिहिली (अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत). शेवटी ‘-यू रूट -पी’ जोडले. लगेच पासवर्ड विचारला गेला. म्हणजे घर होते, पत्ताच ठाऊक नव्हता. एरवी पासवर्ड चुकल्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ आले तरी घाबरू नये. आज्ञा सापडली हे तर नक्की झाले.

मग कायमचा इलाज. तिच्या वहीत ‘.बॅश_प्रोफाइल’ या फाइलचे नाव होते. ती रीत जुनी. २०१९च्या कॅटालिनापासून मॅकचे नवे टर्मिनल झेड-शेल वापरते, त्यामुळे ‘.झेडएसएचआरसी’ या फाइलमध्ये ही ओळ लिहावी लागते:

एक्स्पोर्ट पाथ="$पाथ:/यूएसआर/लोकल/मायएसक्यूएल/बिन"

येथे ‘पाथ’ मात्र दोन्ही ठिकाणी मोठ्या अक्षरांत, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. ‘$पाथ’ विसरलात तर जुनी यादीच जाते आणि ‘एलएस’सारखी साधी आज्ञाही सापडेनाशी होते. आमच्याकडून हे एकदा घडले आहे, तेव्हा संध्याकाळ गेली होती!

फाइल जतन करून तिने टर्मिनलची नवी खिडकी उघडली, ‘विच मायएसक्यूएल’ लिहिले. पत्ता आला. तीनशे नोंदी तिने टर्मिनलमधूनच मोजल्या, आणि आमचा चहा तसाच सोडून अभ्यासाला पळाली.